पाठ केलेले शब्द ऐनवेळी कुठं जातात?

प्रश्न थोडक्यात असा: पत्र पाठवणारी सव्वीस वर्षांची आहे, बीएस्सी नर्सिंग झालेली, मिरजेतल्या एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स. यूकेला नर्स म्हणून जायचंय म्हणून आयईएलटीएस ही इंग्लिशची परीक्षा दिली. बाकी तिन्हीत पाहिजे तेवढे बँड (म्हणजे तिथले गुण) आले, स्पीकिंगला ६ आले आणि लागतात ७. सांगलीत क्लास लावलाय, तिथल्या सरांनी टॉपिकप्रमाणे इंग्लिश शब्दांच्या याद्या दिल्यात, मीडियाचे शब्द, सेलिब्रिटी आणि प्रायव्हसीचे शब्द, माणसाच्या स्वभावाचे शब्द. सगळ्या तोंडपाठ. परीक्षेत नेमकं तेच आलं, प्रसिद्ध लोकांना खासगी आयुष्याचा हक्क असावा का, आणि ही 'प्रायव्हसी इज व्हेरी इम्पॉर्टंट, पापाराझी इज व्हेरी बॅड' एवढं बोलून गप्प झाली (पापाराझी म्हणजे प्रसिद्ध लोकांच्या मागं लागणारे फोटोग्राफर). सर म्हणाले तू इंट्रोव्हर्ट आहेस, आधी पर्सनॅलिटी बदल. वडील म्हणतायत एकदा फी भरली ती बास, आता स्थळं बघू. मैत्रीण म्हणते ओईटी दे, ती आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्लिशची परीक्षा. तिचा प्रश्न: 'ताई, अजून शब्द पाठ करू, स्वभाव बदलू, का नाद सोडू?'

अगं, नाद सोडायचा विषयच नाही, ते आधी बाजूला ठेव. तुला सहावरून सातवर जायचंय, शून्यावरून नाही, आणि जिला इंग्लिश ऐकून कळतं, वाचून कळतं, लिहिता येतं तिला इंग्लिश येत नाही असं कसं म्हणायचं? पण तुझ्या पत्रात शब्दांचा प्रश्न, स्वभावाचा प्रश्न आणि घरचा प्रश्न असे तिन्ही एकात एक गुंतलेत आणि त्यामुळं तुला वाटतंय की आपल्यातच काहीतरी कमी आहे. मी जरा सवडीनं लिहिते, कारण मिरजेत आणि आसपास नर्सिंग केलेली कितीतरी पोरंपोरी याच जागी अडकून बसलीत, त्यांनाही उपयोग होईल.

पहिल्यांदा ते 'इंट्रोव्हर्ट' प्रकरण, कारण ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. आयईएलटीएसच्या स्पीकिंगमध्ये मार्क कशाचे असतात हे बघ. चार गोष्टी असतात आणि चारींना सारखं वजन: बोलण्यातला ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. बस. यात पर्सनॅलिटी नावाचा रकाना नाही, धीट दिसण्याचे मार्क नाहीत, हसतमुख असण्याचे नाहीत, आणि मत बरोबर की चूक याचेही नाहीत. हे चारही निकष कुठल्या बँडला काय पाहिजे अशा तक्त्यात नेटवर फुकट आहेत, सहा आणि सातच्या ओळी शेजारीशेजारी ठेवून वाच, एक संध्याकाळ त्यातच घालव, कुठल्याही यादीपेक्षा ते जास्त कामाचं आहे. शांत, हळू आवाजात, विचार करून बोलणाऱ्या माणसाला सात मिळू शकतात आणि धडाधड बोलणाऱ्याला साडेपाच.

दुसरं असं की सरांनी तो शब्दही नीट वापरलेला नाही असं मला वाटतं. इंट्रोव्हर्ट-एक्स्ट्रोव्हर्ट हे शब्द कार्ल युंग या मानसशास्त्रज्ञाच्या १९२१ च्या पुस्तकामुळं सगळीकडं पसरले, आणि ते होते माणसाच्या मनाचा ओढा कुणीकडं आहे याबद्दल, आत की बाहेर, तोंड उघडतं की नाही याबद्दल नाही. चार माणसांत जास्त वेळ राहून जो दमतो आणि एकटं बसलं की ज्याला बरं वाटतं तो इंट्रोव्हर्ट. बोलायचंय पण भीती वाटते तो शाय. बोलता येतं पण मनातलं लगेच दाखवत नाही तो रिझर्व्ह्ड. आपल्या घरातल्या गोष्टी चारचौघांत नको असं ज्याला वाटतं तो प्रायव्हेट पर्सन. आणि अनोळखी खोलीत, समोर रेकॉर्डर चालू असताना, खिशातून गेलेली फी आठवत जो अडखळतो तो नुसता नर्व्हस, आणि नर्व्हस हा स्वभाव नाही, ती त्या वेळची अवस्था आहे. तूच लिहिलंयस की रात्री दोनला पेशंटचं बीपी पडलं तर तू डॉक्टरांना फोन लावून न घाबरता सगळं सांगतेस, नातेवाईक अंगावर आले तरी उत्तर देतेस. मग स्वभाव कुठला बदलायचा?

आता शब्दांकडं येऊ. तू लिहितेस की मीडियाचे साठ शब्द पाठ आहेत आणि ऐनवेळी एकही आला नाही. हे बघ, औषधाचं नाव आणि डोस पाठ असणं वेगळं आणि समोरच्या पेशंटला ते आत्ता द्यायचं का हे ठरवणं वेगळं, हे तुला मी काय सांगायचं. परीक्षकानं तुला शब्द विचारलाच नव्हता, त्यानं विचारलं होतं तुला काय वाटतं. आणि मला वाटतं खरी अडचण तिथंच आहे: या विषयावर तुझं मतच तयार नव्हतं, ना इंग्लिशमध्ये ना मराठीत. मत नसलं की शब्द कशासाठी येणार? यात तुझा दोष नाही, आपल्याकडं शाळेपासून निबंध पाठ, उत्तरं पाठ, मुलीनं मोठ्यांपुढं मत मांडलं की 'लय बोलायला लागलीस' असं ऐकायचं. मग एक दिवस कुणीतरी खुर्चीत बसवून म्हणतं व्हॉट डू यू थिंक, आणि तिथं माणूस अडकतं.

तर सुरुवात इंग्लिशनं करूच नको. मराठीत कर, आणि घरातच कर. २०२५ च्या नोव्हेंबरात काय झालं आठव. २ तारखेला आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला, अख्ख्या सांगलीला स्मृती मानधनाचा अभिमान, त्याच महिन्यात तिचं लग्न सांगलीत व्हायचं होतं ते ऐनवेळी पुढं ढकललं गेलं, आणि मग ७ डिसेंबरला तिनं स्वतः इन्स्टाग्रामवर सांगितलं की लग्न होणार नाहीये, आपण प्रायव्हेट पर्सन आहोत असं लिहिलं आणि दोन्ही घरांची प्रायव्हसी जपा अशी विनंती केली. मधल्या त्या दिवसांत टीव्हीवर, यूट्यूबवर, प्रत्येकाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय चाललं होतं ते तुलाही माहीत आहे. प्रत्येकाकडं आतली बातमी होती. तुझ्या वडलांना रात्री जेवताना विचार, आबा, (किंवा तू जे म्हणत असशील ते) हे दाखवत होते ते बरोबर होतं का? ते काहीतरी म्हणतीलच, ती देशासाठी खेळते म्हणजे लोकांना उत्सुकता असणारच असं म्हणतील, किंवा पोरीच्या घरचं दुःख असं चव्हाट्यावर आणायचं नसतं म्हणतील. ते जे म्हणतील त्याच्या उलटी बाजू तू घे आणि पाच मिनिटं वाद घाल. का, कुणाचा फायदा, तिच्या जागी आपली पोरगी असती तर, आणि प्रसिद्धीचा पैसाही मिळतो मग थोडं सोसायला नको का. एवढं मराठीत बोललीस ना की आयईएलटीएस स्पीकिंगच्या तिसऱ्या भागातले, जिथं मतं विचारतात, या विषयावरचे बहुतेक प्रश्न तुझ्या डोक्यात येऊन गेले असं समज. आणि वडलांशी वाद घालता येतो हे तुला कळेल तो फायदा वेगळाच.

आता तू म्हणशील सेलिब्रिटींचं मला काय माहीत, मी ड्युटी करून घरी येऊन झोपते. पण प्रायव्हसीवर बोलायला तुझ्याएवढं लायक माणूस मला तरी क्लासमध्ये दुसरं दिसत नाही. तू रोज काय करतेस? ड्रेसिंग करताना पडदा ओढतेस. शेजारच्या बेडचे नातेवाईक 'यांना काय झालंय ओ' विचारतात तेव्हा सांगत नाहीस. फाइल उघडी ठेवत नाहीस. गावातला कुणी पुढारी अॅडमिट झाला की तुझ्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात, खरंच हार्टचं आहे का, कुठल्या रूमला आहेत, एक फोटो काढता येईल का, आणि तू नाही म्हणतेस आणि वर शिष्ट ठरतेस. अगं हाच तर टॉपिक आहे! जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या राजघराण्याची सून केट लंडनमधल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात ऑपरेशनसाठी होती, आणि मार्चमध्ये बातमी आली की तिथल्याच स्टाफमधल्या कुणीतरी तिची फाइल बघायचा प्रयत्न केला. तिथल्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयापर्यंत प्रकरण गेलं. तू ज्या देशात नर्स म्हणून जाणार आहेस तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलच्या कोडमध्ये पेशंटची प्रायव्हसी आणि गोपनीयता जपण्याचं कलमच आहे. म्हणजे परीक्षकानं विचारलं की प्रसिद्ध माणसाला प्रायव्हसी असावी का, तर तू म्हणू शकतेस की मी नर्स आहे, माझ्या वॉर्डात मंत्री आला काय आणि भाजीवाली आली काय, दोघांची फाइल मी सारखीच जपते. हे वाक्य कुठल्याही यादीत मिळणार नाही. प्रिन्सेस डायनाचा १९९७ चा पॅरिसमधला अपघात, पापाराझी मागं लागलेले असतानाचा, सगळेच सांगतात, परीक्षकाच्या कानाला ते सवयीचं झालेलं असणार. तुझं वॉर्डातलं त्यानं ऐकलेलं नसतं.

फक्त एक सांभाळ, खरा पेशंट ओळखू येईल असं काही बोलू नको. नाव, गाव, बेड नंबर, हॉस्पिटल, काहीही नको. प्रायव्हसीवर बोलता बोलता प्रायव्हसी मोडायची नाही.

आणि विचार जरा पुढं न्यायचा. सातसाठी नुसतं 'हो' किंवा 'नाही' पुरत नाही, मधली रेष कुठं ओढायची ते सांगावं लागतं. इथंही आपलंच उदाहरण घे. २०१९ च्या महापुरात आपण सगळे टीव्हीला चिकटून होतो, सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेलं, कोयनेतून किती सोडलं, कुठला रस्ता बंद झाला, हे कळणं जिवावरची गोष्ट होती आणि पत्रकारांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून ते काम केलं, त्यांचे उपकार आहेत. पण त्याच वेळी घर गेलेल्या, नुकतंच कुणीतरी गमावलेल्या बाईच्या तोंडापुढं माइक धरून 'कसं वाटतंय' विचारणंही चाललं होतं. पहिल्याची लोकांना गरज होती, दुसऱ्याची नव्हती. इंग्लिशमध्ये पहिल्याला 'इन द पब्लिक इंटरेस्ट' म्हणतात. हा फरक तुला कळला की तुझं वाक्य आपोआप तयार होतं: 'देअर इज अ डिफरन्स बिटवीन व्हॉट पीपल नीड टू नो अँड व्हॉट दे आर जस्ट क्युरिअस अबाउट.' यात एकही अवघड शब्द नाही आणि तरी हे विचार केलेल्या माणसाचं उत्तर आहे. पुढाऱ्यानं सरकारी पैशाचं काय केलं ते कळायलाच पाहिजे, त्याच्या पोरीचं कॉलेजात काय चाललंय ते नको. नटीचा एअरपोर्टवरचा फोटो एकवेळ चालेल, पण २०२३ मध्ये शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून आलिया भटचे तिच्या घरात बसलेले फोटो काढले ते नाही चालणार. आणि हे फक्त मोठ्या लोकांचं नाही, २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलंय की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, माझा, तुझा, महापुरातल्या त्या बाईचाही.

आता एवढं मनात पक्कं झालं की यादी काढ. यादी फेकून दे असं मी म्हणत नाहीये. पण सुटे शब्द पाठ करू नको, जोड्या कर, कारण इंग्लिशमध्ये शब्द एकटा फिरत नाही. प्रायव्हसी 'रिस्पेक्ट' करतात, 'प्रोटेक्ट' करतात किंवा 'इन्व्हेड' करतात. बातमी 'ब्रेक' होते, 'कव्हर' करतात, 'लीक' होते. अफवा 'स्प्रेड' होते. प्रसिद्ध माणूस 'इन द पब्लिक आय' असतो, आणि प्रसिद्ध झाला म्हणायचं तर 'रोज टू फेम'. अशा दहा-पंधरा जोड्या या टॉपिकला रग्गड झाल्या, आणि त्यातली प्रत्येक तुझ्या स्वतःच्या एकेका वाक्यात वापरून बघ, स्मृतीच्या, पुराच्या, वॉर्डाच्या.

आपण मराठी लोक ज्या ठराविक चुका करतो त्याही सांगून टाकते. पापाराझी हे अनेकवचन आहे, म्हणून 'पापाराझी आर'. 'वन न्यूज' म्हणायचं नाही आणि 'न्यूज आर' पण नाही, 'न्यूज इज', आणि एक बातमी म्हणायचं तर 'अ पीस ऑफ न्यूज' किंवा सरळ 'अ स्टोरी'. गॉसिपला आपण जो स जोडतो, 'गॉसिप्स', तो नको. आणि प्रत्येक गोष्ट 'व्हेरी बॅड' नको, पत्रकार त्रास देतात तर 'इंट्रूसिव्ह' म्हण, बातमी फुगवतात तर 'सेन्सेशनल' म्हण, खोटी दिशा देतात तर 'मिसलीडिंग'. हे तीन शब्द तुला नक्की येतात, फक्त 'व्हेरी बॅड' जिभेवर आधी येतं.

स्वभावाच्या शब्दांबद्दल थोडं जास्त बोलते कारण स्पीकिंगच्या दुसऱ्या भागात, जिथं एक मिनिट विचाराला आणि मग दोन मिनिटांपर्यंत बोलायला देतात, तिथं बरेचदा माणसाचं वर्णन येतं, तुम्हाला आवडणारी व्यक्ती वगैरे. तिथं आपली मुलं काय करतात, तर 'शी इज हार्डवर्किंग, काइंड, हेल्पफुल, ऑनेस्ट अँड डाउन टू अर्थ' अशी माळ लावतात आणि तिसाव्या सेकंदाला संपतात. तू उलट कर, एक विशेषण आणि एक प्रसंग. तू पत्रात तुमच्या इन्चार्ज सिस्टरांबद्दल ओझरतं लिहिलंयस ते मला फार आवडलं: रात्री अपघाताचा पेशंट आला, दहा-बारा नातेवाईक आरडाओरडा करायला लागले, वॉर्डबॉय पण मागं सरकला, आणि सिस्टरांनी आवाज न चढवता एक स्टूल ओढलं, पेशंटच्या आईसमोर बसल्या, तिचा हात धरला आणि म्हणाल्या, 'मावशी, मी इथंच आहे, आता डॉक्टर काय करतायत ते मी तुम्हाला एकेक सांगते.' दोन मिनिटांत सगळे गप्प. एवढंच इंग्लिशमध्ये सांग, साध्या भूतकाळात, शी पुल्ड अ स्टूल, शी सॅट डाउन, शी डिडन्ट रेज हर व्हॉइस. आणि मग शेवटी सांग की ही बाई 'काम अंडर प्रेशर' (म्हणजे दबावातही शांत) आहे, 'फर्म बट जेंटल' आहे. आता तो शब्द परीक्षकाला पटतो, कारण त्यानं ते स्टूल बघितलंय. माळ लावली असतीस तर नसता पटला.

आणि काही शब्द आपण मराठी बोलताना रोज वापरतो पण इंग्लिशमध्ये त्यांचा अर्थ हलतो, तिथं जपून. आपल्याकडं 'स्मार्ट' म्हणजे दिसायला छान, तिकडं बरेचदा हुशार. आपल्या पेपरात नटी 'बोल्ड' झाली म्हणजे कपड्यांवर घसरतात, इंग्लिशमध्ये बोल्ड माणूस म्हणजे धाडसी. लग्नाच्या जाहिरातीत 'होमली मुलगी पाहिजे' असतं, अमेरिकेत होमली म्हणजे दिसायला यथातथा, तेव्हा आईचं वर्णन करताना तो शब्द नकोच, 'शी लव्ह्ज बीइंग अॅट होम' म्हण. 'ओव्हरकॉन्फिडन्ट' आणि 'कॉन्फिडन्ट' हे तर आपण मुलींच्या बाबतीत सर्रास एक करून टाकतो, जी नीट मान वर करून बोलते ती लगेच ओव्हर. नोकरीच्या इंटरव्ह्यूला जाणाऱ्यांनीही हे लक्षात घ्या, तिथं स्वतःचे गुण-दोष विचारतातच, आणि तिथंही 'आय अॅम हार्डवर्किंग' पेक्षा एक प्रसंग जास्त बोलतो.

सर पूर्ण उत्तरं लिहून देतात आणि पाठ करा म्हणतात हेही तू लिहिलंयस. ते करू नको. परीक्षकांना पाठ केलेलं उत्तर ओळखायचं ट्रेनिंग असतं, चाल बदलते, डोळे वर जातात, आणि ते मध्येच तोडून वेगळा प्रश्न टाकतात, मग माणूस अगदीच उघड्यावर पडतं. क्लास सोडच असं नाही म्हणत मी, मॉक टेस्टसाठी त्याचा उपयोग आहे, पैसे भरलेत ते वसूल कर. पण सरांना शांतपणे सांग की मला चार निकषांप्रमाणे मार्क देऊन दाखवा, मी कुठं कमी पडते, ओघात का व्याकरणात. पर्सनॅलिटी बदल हे उत्तर घेऊन परत यायचं नाही. नीट सांगता आलं नाही तर क्लास बदलायला हरकत नाही.

ओईटीबद्दल मैत्रीण म्हणते त्यात तथ्य आहे. ती परीक्षा आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीच आहे, स्पीकिंगला दोन रोलप्ले असतात, समोरचा पेशंट किंवा नातेवाईक बनतो आणि तू नर्स, सेलिब्रिटीबिलिब्रिटी काही नाही. नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल ती मान्य करतं, लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला बी ग्रेड आणि रायटिंगला सी प्लस लागतो. पण फी आयईएलटीएसपेक्षा बरीच जास्त आहे आणि रायटिंगला पेशंटचं रेफरल किंवा डिस्चार्ज लेटर लिहायचं असतं, त्याचा सराव नव्यानं करावा लागेल. तुझी बाकीची तीन खाती आयईएलटीएसमध्ये पार पडलीत, म्हणून माझं मत असं की एकदा आयईएलटीएस नीट तयारीनं परत दे. त्यात एकाच भागाची फेरपरीक्षा द्यायची सोय आली आहे, कॉम्प्युटरवर दिलेली असेल तर आणि मूळ परीक्षेपासून साठ दिवसांच्या आत, पण तो निकाल कौन्सिलला तसा चालतो का हे त्यांच्या वेबसाइटवर आधी बघ आणि मगच पैसे भर. त्यानंतरही तिथंच अडकलं तर ओईटी. हेच जिला चारही भागांत कमी आलेत तिला मी उलट सल्ला देईन, वॉर्डात पाचसहा वर्षं काढलेल्या नर्सला ओईटीच जवळची वाटते.

वडलांचं. ते तुझ्या विरोधात आहेत असं तुझ्या पत्रातून मला तरी वाटलं नाही, ते पैशाला आणि वयाला घाबरलेत. त्यांना 'अजून एक चान्स द्या' असं मोघम सांगू नको, कागदावर मांडून दाखव: कुठं किती आले, किती कमी पडले, पुढची फी किती आणि ती माझ्या पगारातून कुठल्या महिन्यात जाईल, आणि कुठपर्यंत मी प्रयत्न करणार. तारीख घालून दे. स्थळं बघण्याचं वेगळं बोल, हे झालं नाही म्हणून ते, असं गणित त्यांच्याही मनात बसू देऊ नको आणि तुझ्याही. लग्न करायचं असेल तर त्याचा विचार त्याच्या जागी होऊ दे, एका परीक्षेत एक बँड कमी पडला त्याची शिक्षा म्हणून नको. आणि तो जेवतानाचा वाद घालायचाच, हे विसरू नको, वडलांना तुझं बोलणं ऐकू दे.

सरावाचं म्हणशील तर फार मोठं टाइमटेबल नको, शिफ्ट ड्युटीत ते टिकत नाही. पेपरात किंवा मोबाइलवर एखादी बातमी दिसली की स्वतःला विचार, यात कुणाची प्रायव्हसी आहे, त्याची परवानगी घेतली होती का, हे छापून कुणाचं भलं झालं. मराठीत उत्तर दे, मोठ्यानं. मग तेच इंग्लिशमध्ये मोबाइलवर रेकॉर्ड कर, जमेल तसं, अडलं तर शब्दाच्या भोवतीनं जा, 'आय डोन्ट नो द एक्झॅक्ट वर्ड, बट इट्स व्हेन समवन...' असं म्हणून पुढं सरक, अडल्यावर दुसऱ्या शब्दांत सांगता येणं याला तर मार्क आहेत. लगेच ऐकू नको, दुसऱ्या दिवशी ऐक आणि एकच चूक धर. वॉर्डातली कुणी परीक्षा देणारी असेल तर एकमेकींना व्हॉइस नोट पाठवा, चहाच्या वेळेत आठवड्यातून दोनदा समोरासमोर बसा, एक परीक्षक एक उमेदवार. मोठ्यानं बोलायला लाज वाटते पहिले काही दिवस, ते सगळ्यांचंच होतं.

आणि तारीख घेताना रोस्टर समोर ठेव. स्पीकिंगची वेळ बाकी पेपरांपेक्षा वेगळी, कधीकधी वेगळ्या दिवशीही असते, तेव्हा दोन्ही दिवस बघून इन्चार्ज सिस्टरांना आधीच सांग आणि रजा टाक. नाइट ड्युटी उतरून, गाडी पकडून थेट परीक्षेच्या खोलीत जायचं असलं काही करू नको, सात काय तुला सहापण येणार नाहीत. आदल्या रात्री घरी झोप. निकाल आला की कळव, जो येईल तो.